भुसावळहून सहा दिवसांची कॅम्परव्हॅन ट्रिप: आधी मुक्काम ठरवा, मग रस्ता

ताई, तुम्ही विचारलंय की डिसेंबरच्या सुट्टीत भाड्याची कॅम्परव्हॅन (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घ्यायची, तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, भुसावळहून निघायचं आणि सहा दिवसांत सुरत, दमण, मुंबई, अलिबाग, गणपतीपुळे, पुणे, नाशिक करून घरी यायचं, तर जमेल का. सरळ सांगतो, गाडी एवढी फिरेल पण तुमची ट्रिप होणार नाही. सहाही दिवस सासूबाई खिडकीतून ट्रक बघतील आणि मुलं मोबाईल बघतील. मी धुळ्यात ट्रॅव्हलर मिनीबसवर कॅम्पर बांधून देतो, स्वतः चालवतो, भाड्यानंही पाठवतो, आणि परत आलेल्या गाडीची अवस्था बघितली की लोक कसे फिरले ते कळतं. दिवसाला चारशे किलोमीटर तोडणाऱ्यांच्या गाडीत गादीची घडीसुद्धा मोडलेली नसते, कारण ते रात्री दमून हॉटेलात झोपलेले असतात. मग कॅम्पर कशाला घेतली?

कारनं जाताना आपण रस्ता ठरवतो आणि रात्री जिथं पोहोचू तिथं रूम बघतो. कॅम्परचं उलटं असतं. आधी रात्री लिहून काढायच्या. तुमच्याकडे पाच रात्री आहेत, तर पाच ठिकाणं हवीत जिथं कडक सपाट जमीन आहे, १५ अँपिअरचा पॉईंट आहे, गोडं पाणी भरायला मिळतं आणि टॉयलेटची कॅसेट (खालची मैल्याची काढता येणारी टाकी) रिकामी करायला खरंखुरं सेप्टिक टँकवालं संडास आहे. चारही गोष्टी फोनवर पक्क्या झाल्या तर तो मुक्काम, नाहीतर नाही. रस्ते नंतर आपोआप जोडले जातात. आणि पाचातले दोन मुक्काम एकाच जागी ठेवा, म्हणजे एक अख्खा दिवस गाडी हलणारच नाही.

तर गणपतीपुळे, अलिबाग, पुणे काढून टाका. रागावू नका, ती वेगळी ट्रिप आहे, तिला नऊ-दहा दिवस द्या. मी म्हणेन बारडोली (सुरतेजवळ), दमण, बोर्डी (डहाणूजवळ), पुन्हा बोर्डीच, नांदूरमध्यमेश्वर (नाशिकजवळ), घर. साधारण हजार किलोमीटरच्या आसपास होतं, त्यात शहरंही येतात, समुद्रही येतो, आणि मुंबईसुद्धा होते, फक्त गाडी मुंबईत न्यायची नाही. ते पुढं सांगतो.

आधी गाडी कशी बघायची ते. तुम्ही पाच जण, आणि आपल्याकडे भाड्याची कॅम्पर बहुतेक वेळा ड्रायव्हरसकटच येते, म्हणजे सहा माणसं. मालक सांगेल स्लीपिंग फोर आहे, मुलं लहान आहेत, अॅडजस्ट होईल. झोपायचं अॅडजस्ट होईल पण बसायचं होत नाही. आरसी बुकवर जेवढ्या सीट लिहिल्यात तेवढीच माणसं, प्रत्येकाला सीटबेल्ट, आणि गाडी चालू असताना बर्थवर कुणी झोपायचं नाही, मुलांनी तर नाहीच. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिल्यांदा हेच बघतात. ड्रायव्हरसकट भाड्याच्या गाडीला पिवळी प्लेट काळी अक्षरं असते, स्वतः चालवायला भाड्यानं दिलेल्या गाडीला काळी प्लेट पिवळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची गाडी कुणी भाड्यानं देत असेल तर कितीही स्वस्त असू द्या, घेऊ नका. गुजरात आणि दमण दोन्हीकडं जायचंय म्हणून ऑल इंडिया टुरिस्ट परमिटची कॉपी आधीच मागून घ्या. तुमचे मिस्टर स्वतः चालवणार असतील तर साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची गाडी चालते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते कायम केलंय, पण चालवता येणं वेगळं आणि साडेनऊ फूट उंचीची गाडी आहे हे सतत डोक्यात ठेवणं वेगळं. पहिल्यांदा जाताय तर ड्रायव्हर घ्याच. मात्र तो झोपणार कुठं हे आधी ठरवा, रात्रभर पुढच्या सीटवर वाकडा झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाट उतरवणार असेल तर मला ते अजिबात पटत नाही. प्रत्येक मुक्कामाला त्याच्यासाठी एक साधी रूम किंवा खाट सांगून ठेवा.

गाडीची उंची फूट-इंचात विचारा, वरचा एसी आणि कॅरिअर धरून, आणि ती एका कागदावर लिहून ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर चिकटवा. रेल्वेखालचे बोगदे, पेट्रोल पंपाचं छत, रिसॉर्टच्या गेटवरची कमान, आणि बोर्डीकडं चिकूच्या वाडीतल्या खाली आलेल्या फांद्या आणि वायरी, नुकसान इथंच होतं. मॅप तुम्हाला कारचा रस्ता दाखवतो, त्याला तुमची उंची माहीत नाही.

सासूबाईंना खालचाच बर्थ द्या आणि तो टॉयलेटच्या जवळचा असू द्या. शिडी चढून झोपणं या वयात नको, रात्री उठायचं झालं की अंधारात पडायची भीती.

आता पाणी आणि लाईट, यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. टाकी साधारण १०० लिटरची असते. पाच माणसं हातपाय, भांडी, टॉयलेट करून दिवसाला ६०-७० लिटर आरामात संपवतात, अंघोळी सुरू केल्या तर अर्ध्या दिवसात टाकी कोरडी. म्हणून अंघोळ मुक्कामाच्या बाथरूममध्ये करायची, गाडीतला शॉवर फक्त समुद्रावरून आल्यावर पाय धुवायला. किनाऱ्याजवळ बोअरचं पाणी बऱ्याचदा खारं असतं, टाकीत भरायच्या आधी एक घोट चाखून बघा, खारं पाणी पंप आणि नळ खराब करतं आणि सगळ्या टाकीला वास लागतो. पिण्याचं पाणी वेगळं, २० लिटरचे जार. पाणी म्हणजे वजन हेही ध्यानात घ्या, भरलेली टाकी १०० किलोची असते.

लाईटचं गणित सोपं आहे. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण दोन युनिट वापरायला. त्यात छोटा फ्रिज, पंखे, दिवे, मोबाईल एक रात्र आणि वर थोडं निघतं. पण एक टनाचा एसी तासाला एक युनिट खातो, म्हणजे दोन तासांत बॅटरी खलास. एसी हवा तर प्लग हवाच. डिसेंबरमध्ये तुम्हाला तो लागणार नाही, दोन्हीकडच्या खिडक्यांना मच्छरजाळी आहे का तेवढं बघा. स्वतःची १५-२० मीटरची तांब्याची अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणि १६ अँपिअरचा टॉप (मोठा प्लग) जवळ ठेवा, रिसॉर्टवाल्याची मंडपाची बारीक वायर वापरली तर ती गरम होऊन वितळते. आणि इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपायचं नाही, कधीच नाही, धूर आत येतो, त्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. गॅस सिलिंडर पाच किलोचा, त्याच्या कप्प्याला खाली तळाशी जाळी हवी कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. झोपताना रेग्युलेटर बंद.

टॉयलेटची कॅसेट २० लिटरच्या आसपास असते, पाच माणसांना दीड-दोन दिवस. ती कुठं रिकामी करायची हे मुक्काम बुक करतानाच स्पष्ट विचारा, लाजू नका. गटारीत, खाडीत, सुरूच्या बनात ओतून येणारे आहेत, आणि त्यांच्यामुळं पुढच्या कॅम्परला गावात उभं राहू देत नाहीत. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणलं पण गावोगावी सोयीचे तळ झालेले नाहीत, अजून आपण लोकांच्या अंगणात उभे राहतो, त्यांच्या भरवशावर. ते अंगण घाण करायचं नाही.

आता रस्ता. पहिला दिवस सगळ्यात लांब, तीनशेच्या वर. सकाळी सहाला भुसावळ सोडा, जळगाव, धुळे, साक्री, नवापूर हा एनएच ५३. साक्रीच्या पुढं कोंडाईबारी घाट आहे, तो उजेडातच उतरायचा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर, सारखा ब्रेक दाबून नाही. लोक डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात, जड गाडीत ते करणाऱ्या ड्रायव्हरला तिथंच थांबवा. घाट उतरला की नवापूरला जेवण, मुलांना तिथलं रेल्वे स्टेशन दाखवा, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत आहे, मुलं खूश होतात. पुढं सोनगडजवळ उकाई धरण. वाट वाकडी करायला वेळ असेल तर जा, पण मुलांना एवढं नक्की सांगा की आपण भुसावळपासून तापीच्या सोबतीनं चाललोय, हीच तापी सुरतेपुढं डुमसजवळ समुद्राला मिळते. आपल्या घरची नदी कुठं जाते हे पोरांनी डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं.

सुरतेत कुणीतरी नातेवाईक असणारच, उधना, लिंबायत, पांडेसरा, अर्धा खानदेश तिकडं आहे, आणि निघालात हे कळलं की "जेवाले या" म्हणून फोन येणार. जा, जरूर जा, पण कॅम्पर घेऊन त्या गल्ल्यांत जाऊ नका. गाडी बारडोलीच्या बाजूला मोठ्या आवाराच्या हॉटेलात लावा, संध्याकाळी टॅक्सी करून सुरतेत जाऊन जेवून या, तास-सव्वा तासाचा रस्ता आहे. नाहीतर त्यांनाच बारडोलीला बोलवा, गाडी बघायला ते हौसेनं येतील. नातेवाइकांकडं झोपायला थांबलात तर दुसऱ्या दिवशी अकराच्या आत निघणं होत नाही, आणि नाही म्हणताही येत नाही, म्हणून मुक्काम आधीच बुक झालाय असं सांगून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी शहरात न शिरता पलसाणा, नवसारी करून दांडी. गांधीजींनी ६ एप्रिल १९३० ला मीठ उचललं ती जागा, तिथं राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक आहे, २०१९ मध्ये उघडलं, पदयात्रेतल्या माणसांचे पूर्णाकृती पुतळे, मधे तळं, मोकळी जागा, म्हाताऱ्या माणसाला हळूहळू फिरता येतं. दोन-तीन तास द्या. तिथून दमण. देवकाला समुद्राच्या कडेनं लांबलचक पाच किलोमीटरच्या वर नमो पथ झालाय, २०२३ मध्ये, संध्याकाळी चालायला छान, पण त्या रस्त्यावर रात्रभर गाडी लावून झोपायचा विचार करू नका, पोलीस उठवतात आणि बरोबरच करतात. गाडी जांपोरच्या बाजूला मोठं पार्किंग असलेल्या रिसॉर्टमध्ये लावून मोटी दमणचा किल्ला रिक्षानं बघा, किल्ल्याची वेस आणि आतले रस्ते आपल्या गाडीसाठी नाहीत.

एक गोष्ट मिस्टरांना आणि ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवा. दमणमध्ये दारू मिळते, पण दमणच्या जमिनीकडच्या तिन्ही बाजूंना गुजरात आहे आणि गुजरातेत दारूबंदी. गाडीत एक बाटली सापडली तरी केस होते आणि गाडी अडकून पडते, मग सासूबाई आणि मुलं रस्त्यावर. चेकपोस्टवर कॅम्पर हमखास उघडून बघतात, एवढे कप्पे असतात की त्यांना संशय येतोच. शांतपणे दाखवायचं. आणि २५ ते ३१ डिसेंबर दमण टाळाच, सगळी सुरत-वापी तिथं लोटते, तुमची सुट्टी मागंपुढं करता येत असेल तर २४ च्या आत परत या.

तिसऱ्या दिवशी प्रवास फक्त पन्नासेक किलोमीटरचा, उंबरगाववरून बोर्डी. माझ्या मते ही तुमच्या ट्रिपची खरी जागा. सुरूची झाडं, लांब पसरलेला संथ किनारा, मागं चिकूच्या वाड्या, घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. वाडीतल्या होमस्टेवाल्यांशी बोला, गाडीचा फोटो आणि उंची पाठवा, फाटकाची रुंदी विचारा, दोन रात्रींचं सांगा. होमस्टेच्या आवारात उभं राहिलात की अंघोळ, पाणी, कॅसेट, ड्रायव्हरची खाट सगळं एका जागी सुटतं आणि सासूबाईंना दुपारी अंगणात बसायला मिळतं.

गाडी वाळूत उतरवायची नाही. वरून कडक दिसते, खाली ओली असते, साडेतीन-चार टनाची गाडी चाकं फिरवली की बसत जाते, आणि मग भरती येते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बीचवर हे होतंच. भरतीचा हिशेब कॅलेंडरवरून निघतो, कोळी लोकांची जुनी पद्धत आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा मुंबईकडचा हिशेब, वर उत्तरेकडं सरकाल तशी वेळ थोडी उशिरा होते. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर सूर्य मावळताना ओहोटी असते आणि मुलांना पळायला भलंमोठं वाळवंट मिळतं, पण दुपारी उधाणाचं पाणी पार वर येतं. अष्टमीला गेलात तर नेमकं संध्याकाळी पाणी भरलेलं. तारखा पक्क्या करायच्या आधी तिथी बघा, यात काही खर्च नाही आणि फरक खूप पडतो. ओहोटीत मुलांना फार आत जाऊ देऊ नका, किनारा सपाट असला की पाणी परत येताना चहूबाजूंनी येतं.

चौथा दिवस मुंबईचा. गाडी बोर्डीतच. सकाळी रिक्षानं डहाणू रोड स्टेशन, तिथून वेस्टर्नची लोकल, २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. बोरिवलीला उतरा, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आत कान्हेरी लेणी, एवढंच करा. सोमवारी बंद असतं, म्हणून चौथा दिवस सोमवारी येणार नाही असं निघा. समुद्र, चौपाटी हवी असेल तर उद्यान सोडून चर्चगेटपर्यंत जा, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. सासूबाईंना वाटलं तर त्या वाडीत थांबतील, ड्रायव्हरलाही पूर्ण दिवस विश्रांती मिळते, आणि पुढचा घाट ताज्या माणसाच्या हातात जातो. कॅम्पर मुंबईत नेली असती तर दिवसभर तुम्ही पार्किंग शोधलं असतं.

पाचवा दिवस बोर्डीहून कासा, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, नाशिक. वळणांचा डोंगरी रस्ता आहे पण डिसेंबरात सुंदर, जव्हारला चहा आणि राजवाडा. सकाळी सातला निघालात तर आरामात. कुणाला गाडी लागत असेल तर हा रस्ता सोडून खाली भिवंडीकडं या आणि आमणेला समृद्धीवर चढा, जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे सुरू झालाय, कसाऱ्याचा घाट चढावा लागत नाही, बोगद्यातून सरळ निघता. अंतर वाढतं पण गाडीला आणि पोटाला त्रास कमी. नाशिक शहरात न थांबता निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला जा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये जाहीर झालेलं, डिसेंबरात पाहुणे पक्षी भरपूर असतात. जवळपास मुक्कामाची सोय आधी बोलून ठेवा.

जेवणाचं, सगळं गाडीत बनवायच्या भानगडीत पडू नका. चहा, पोहे, खिचडी, पिठलं, बस. दादरच्या (ज्वारीच्या) भाकरी पहिल्या दिवसापुरत्या घरून, बिबडे (ज्वारीचे पापड), शेंगदाण्याची चटणी, ठेचा भरपूर न्या, ते पाचही दिवस पुरवतात. भरीत घरूनच करून न्या पहिल्या रात्रीसाठी, आणि फोडणी-तळण गाडीत नको, वास गादीत बसतो आणि तेल छतावर.

टोलला ही गाडी कारच्या दरात धरत नाहीत, मिनीबसचा दर लागतो, आणि तो वार्षिक फास्टॅग पास फक्त खासगी कार-जीप-व्हॅनला आहे, भाड्याच्या गाडीला चालत नाही. डिझेलला ९-१० चं अॅव्हरेज धरा. मालकाशी रोजच्या किलोमीटरची मर्यादा, टोल कुणाचा, ड्रायव्हरचा भत्ता, हे लेखी घ्या, आणि गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, छत, टायर, स्टेपनी यांचा व्हिडिओ काढा. घरासमोर एक रात्र तिच्यात झोपून बघा, पंप चालतो का, फ्रिज थंड होतो का, कॅसेट गळते का हे भुसावळला कळलेलं बरं, दमणला कळण्यापेक्षा.

सहाव्या दिवशी पहाटे पक्षी बघून दहापर्यंत निघा, पिंपळगाव, चांदवड, राहुड घाट, मालेगाव, धुळे. चांदवडला रेणुकादेवीचं दर्शन सासूबाईंना हवं असणार, त्याला तास धरा. अंधाराआधी घर गाठा आणि टाक्या त्याच दिवशी रिकाम्या करून झाकणं उघडी ठेवा. तारखा ठरल्या की गाडीची उंची आणि आरसीवरच्या सीट कळवा, बोर्डी आणि बारडोलीला फोनवर काय काय विचारायचं ते मी लिहून देतो.